हिचा तास आणि माझं नेट

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की बायको आधी ती माझ्या नजरेआड करते आणि मगच दुरुस्तीवाल्याला फोन लावते. मिक्सर तिने असाच वाचवला, इस्त्रीही वाचवली. पंखा मात्र माझ्या हाती लागला आणि तेव्हापासून तो फक्त पाचवर चालतो, थंडीतसुद्धा. पण नेट बिघडलं तेव्हा तिचा नाइलाज झाला. नेट लपवणार कुठे?

बिघडलं म्हणजे बंद पडलं नव्हतं. बंद पडलेल्या वस्तूशी माणूस दोन हात तरी करू शकतो. हे चालू होतं, पण लॅपटॉपवर काहीही उघडायला गेलं की मध्यभागी ते गोल चक्र फिरायला लागायचं आणि मी समोर बसून ते बघत राहायचो. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या टेबलावर बसतो. माझ्या टेबलावर कागद महिनोन्‌महिने पडून राहतात आणि त्याबद्दल मला कधी काही वाटलेलं नाही. घरी मात्र त्या चक्राने एक फेरी जास्त मारली की माझा जीव वरखाली व्हायचा. असं का होतं यावर मी बराच विचार केला. चक्र फिरत असताना दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

तरी मी हे सगळं सहन केलं असतं. पण शुक्रवारी सकाळी अकरा वाजता हिचा तास होता.

ही पूर्वी शाळेत गणित शिकवायची. मग मुलगा झाला, मग माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, मग मुलाची दहावी आली, आणि दर वेळी ‘पुढच्या वर्षी परत जाईन’ म्हणता म्हणता केस पांढरे झाले. आता मुलगा शिकायला परगावी गेला, आई काठी घेऊन का होईना घरभर फिरायला लागली, तेव्हा हिने ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या एका संस्थेत मला न सांगता अर्ज केला. त्यांनी कळवलं की शुक्रवारी नमुन्याचा एक तास घ्या, आमचे तिघे जण बघतील, पसंत पडला तर नोकरी. हिने बाहेरच्या खोलीत एक पांढरा फळा टांगला आणि फ्रिजकडे तोंड करून सराव सुरू केला. मी पाणी घ्यायला गेलो तर मला म्हणाली, “वर्गातून मधूनच जाऊ नका.”

सोमवारी तिने बहिणीला समोर बसवून लॅपटॉपवर रंगीत तालीम घेतली. पाचच मिनिटांत बहिणीचा फोन आला. “ताई, तुझा एक डोळा मिटलेला आणि तोंड उघडं, असं चित्र थांबलंय. तू बरी आहेस ना?” पुन्हा लावलं तर आवाज ‘छे’वर अडकला आणि ‘द’ आला तोवर बहिणीने चहा टाकला होता.

हिने लॅपटॉप मिटला. चिडली असती तर मी निर्धास्त झालो असतो, हिच्या चिडण्याची मला सवय आहे. पण ती शांतपणे म्हणाली, “राहू दे. बघू पुन्हा कधीतरी.” आणि आत जाऊन कणीक मळायला लागली. आमच्या घरात ‘कधीतरी’ म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक आहे. मला फार वाईट वाटलं. मी तिथेच उभा राहून जाहीर केलं, “शुक्रवारच्या आत नेट धावायला लागलं नाही तर नाव लावणार नाही.” आतून फक्त कणकेवर बुक्की मारल्याचा आवाज आला.

सुरुवात मी लॅपटॉपपासून केली. त्यात उघड्या राहिलेल्या खिडक्या बंद केल्या. मग वेग वाढवणारा एक प्रोग्रॅम आत घातला. तो प्रोग्रॅम आला तो आपल्या दोन चुलतभावांना घेऊन आला आणि ते तिघे मिळून दर पाच मिनिटांनी मला ‘तुमचा लॅपटॉप धोक्यात आहे’ असं सांगायला लागले. धोका कोणापासून ते सांगत नव्हते. त्यांना हाकलण्यात मंगळवार गेला.

तोवर बातमी इमारतभर झाली होती. आमच्या वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर राहतात. समोरच्या दारात शिवणकाम करणाऱ्या वहिनी आहेत. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. तिघेही आपणहोऊन सल्ला द्यायला आले. माणसं इतकी चांगली आहेत, की माझ्या घरची अडचण त्यांना माझ्याआधी कळली होती.

“तुमच्या नेटला झालंय तरी काय?” मॅनेजर आल्या आल्या म्हणाले. “काल पिक्चर चार वेळा अडकला.”

“आमच्याकडे काल कोणी पिक्चर बघितला नाही,” मी म्हणालो.

“नाही, म्हणजे बघितला असता तर अडकला असता.” मग त्यांनी वर बघून विचार केला. “असं करा, तो डबा छताच्या जवळ लावा. लहरी वर चढतात.”

ज्या डब्यातून नेट येतं तो आमच्याकडे टीव्हीशेजारी ठेवलेला होता. मी घड्याळ काढून त्याच्या खिळ्यावर, छताच्या अगदी खाली, डबा टांगला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी खोलीचं निरीक्षण केलं आणि म्हणाल्या, “भाऊ, एवढ्या उंच कशाला? आमच्या बाजूच्या भिंतीला लावा की. ती भिंत कोरडी आहे.” तो तिकडे गेला. संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी मला तोंड उघडायला सांगावं तशा गंभीर आवाजात सांगितलं, “लहरी खाली बसतात. जमिनीवर, जिन्याच्या कडेला ठेवून बघा.” तोही प्रयोग केला आणि आईची काठी त्याला दोनदा लागली. प्रत्येक जण डबा आपापल्या दिशेला का सरकवतोय, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण शेजारी इतक्या आपुलकीने बोलत असताना माणूस दिशा कुठे बघतो?

शिवाय आणखी एक गोष्ट होती. डबा हलवायचा म्हणजे तो बंद करावा लागे, आणि बंद केला की लगेच दाराची घंटा वाजे. “आई बऱ्या आहेत ना?” वहिनी विचारायच्या. “सहज आलो,” मॅनेजर म्हणायचे. डबा चालू झाला की दोघेही निघून जायचे. आमच्या आईवर लोकांचं किती प्रेम आहे, असं मी हिला म्हणालोदेखील. ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

बुधवारी मी ऑफिसातूनच नेट कंपनीला फोन लावला. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एका बाईने मला इतक्या वेळा सांगितलं की मला तिचीच काळजी वाटायला लागली. शेवटी एक खरा माणूस बोलला. “डबा बंद करून चालू करून बघा.”

“बघितलाय. रोज बघतोय.”

“आता?”

“आता मी ऑफिसात आहे.”

“मग घरी जाऊन करा आणि पुन्हा फोन करा. आणि सर, कनेक्शन आईंच्या नावावर आहे. तक्रार त्यांनाच करावी लागेल.”

संध्याकाळी आईला फोनवर बसवलं. ती पलीकडच्या मुलीशी खूप छान बोलली. मुलीचं लग्न ठरतंय, सासू कडक वाटते, हे सगळं आम्हाला कळलं. नेटचं विचारायचं राहून गेलं. तरी तक्रार नोंदली गेली म्हणायची, कारण थोड्याच वेळात निरोप आला : आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे.

मी तो निरोप दोनदा वाचला. हेच वाक्य मी स्वतः रोज लोकांना पाठवतो. तेही नळाखाली कोरडी बादली ठेवून असंच वाचत असतील, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं आणि जेवण नीट गेलं नाही. हिने विचारलं, “काय झालं?” मी म्हणालो, “काही नाही. सोडवली तक्रार.”

गुरुवारी मी रजा टाकली. ठरवलं, की डबा पार मोकळा करून, पुसून, सगळ्या वायरी नव्याने जोडायच्या. पिन काढल्या, डबा मांडीवर घेतला आणि जुन्या दात घासायच्या ब्रशाने भोकं साफ करायला बसलो. काम लांबलं. घंटा वाजली, वहिनी आल्या. घंटा वाजली, मॅनेजर आले. दोघेही आईजवळ बसून माझ्या हाताकडे बघत राहिले. तिसऱ्यांदा घंटा वाजली तेव्हा दारात एक अनोळखी गृहस्थ उभे होते. एक गाल लिंबाएवढा सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा.

“नेत गेलंय का?” त्यांनी विचारलं.

“आपण कोण?”

त्यांनी बोटाने खाली दाखवलं. “दाक्तरांकले आलोय. नंबल यायला वेल आहे.”

“आणि आमचं नेट गेलेलं तुम्हाला कसं कळलं?”

गृहस्थांनी बिचाऱ्यांनी खिशातून फोन काढून दाखवला. त्यात चक्र फिरत होतं. माझंच चक्र! मी मागे वळलो. वहिनी पदराचं टोक बघत होत्या आणि मॅनेजर छताकडे.

माझ्या टेबलावर कोणीही पाणी कमी येतं म्हणून आला की मी पहिला प्रश्न विचारतो, ‘आधी कुठे नळ उघडा राहिलाय का ते बघितलंत?’ इतकी वर्षं हा प्रश्न मी लोकांच्या तोंडावर फेकत आलो. आणि माझ्या घरातून निघालेला एक नळ वरच्या मजल्यावर उघडा होता, एक समोरच्या दारात, आणि तळमजल्यावर तर पाणपोईच घातली होती.

“पासवर्ड दिला कोणी यांना?” मी ओरडलो.

“मी,” आई म्हणाली. “ओरडतोस कशाला? मागितला, दिला.”

“सगळ्यांना?”

“दाराशी आलेल्याला नाही म्हणू? आणि हवेतूनच येतं ना ते? हवा काय संपते?”

मॅनेजर खाकरले. “आम्हाला वाटलं, तुम्हाला कल्पना असेल.” वहिनी म्हणाल्या, “भाऊ, मी तर फक्त ब्लाउजच्या गळ्यांची डिझाइनं बघते.” गाल सुजलेले गृहस्थ सरळ माझ्या खुर्चीत बसले.

मला भयंकर राग आला होता. चार दिवस मी खिळे ठोकत होतो, जमिनीवर लोळत होतो, आणि ही मंडळी मला सल्ले देत होती! मी लॅपटॉप ओढला आणि म्हणालो, “आत्ताच्या आत्ता पासवर्ड बदलतो.”

“नको,” ही म्हणाली.

सगळ्यांत आधी तिनेच ‘बदला’ म्हणायला हवं होतं. तास तिचा होता. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “पासवर्ड काय ठेवलाय आठवतंय ना?”

आठवत होतं. आईच्या लक्षात राहावं म्हणून मीच तिचं माहेरचं नाव ठेवलं होतं.

“येणारा प्रत्येक जण त्यांना विचारतो, हे नाव कोणाचं? मग त्या सांगतात. माहेरचं घर, शाळा, मैत्रिणी. मी आतून ऐकते रोज. दवाखान्यात येणारी माणसंसुद्धा जाताना त्यांना त्या नावाने हाक मारून जातात. लग्नानंतर त्यांना त्या नावाने कोणी हाकच मारली नव्हती हो.” तिने ओट्यावर फडकं फिरवलं. “ते पुसायचं आणि मी तास घ्यायचा, असं नको मला.”

आई कधी माहेराबद्दल बोलते हेच मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. नवा पासवर्ड काय ठेवावा हे तेवढं मी मनात ठरवून ठेवलं होतं. तेही मनातच राहिलं.

बाहेर आलो तेव्हा आईने कारभार हातात घेतला होता. आमचं स्वयंपाकघर काही फार लांब नाही, त्यामुळे तिने सगळं ऐकलं असणार. “उद्या अकरा वाजता सुनेचा तास आहे,” ती सगळ्यांना सांगत होती. “तेवढा वेळ कोणी नेट वापरायचं नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. आई म्हणाली, “मानेवर माझा विश्वास नाही. फोन आणून माझ्याजवळ द्यायचे.”

शुक्रवारी आई दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली, मांडीवर बाजाराची कापडी पिशवी. मॅनेजरांनी फोन टाकला. “आणि तो पाटीसारखा मोठा?” आई म्हणाली. ते निमूटपणे वर जाऊन तोही घेऊन आले. वहिनींनी टाकला. डॉक्टर आले ते आपल्या फोनबरोबर दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्यांचेही गोळा करून आले. पण फोन दिलेला माणूस फोनपासून लांब जाऊ शकत नाही. त्यामुळे हळूहळू सगळे जिन्यात पायऱ्यांवर पिशवीकडे बघत बसले. कालचे गृहस्थही होते. गाल उतरला होता, पण सवय झाली म्हणून आले असावेत.

दार उघडं ठेवावं लागलं, कारण मी लॅपटॉपला थेट जोडलेली लांब वायर दाराच्या चौकटीभोवती फिरवून नेली होती. तिची गरज उरली नव्हती, पण चार दिवसांच्या कष्टांची काहीतरी खूण राहावी असं मला वाटत होतं. मी उंबरठ्यावर बसलो.

अकरा वाजले. पडद्यावर संस्थेचे तिघे आले, मधोमध चष्मा लावलेल्या एक बाई. चित्र काचेसारखं स्वच्छ. हिने पदर खोचला, पेन उघडलं आणि फळ्यावर लिहिलं : अपूर्णांकांचा भागाकार. अक्षरं जरा तिरकी गेली. दुसरी ओळ सरळ आली.

आणि तिसऱ्या ओळीला पडद्यावरचे तिघेही गोठले. बाईंचा हात चष्म्यापाशी, शेजारच्याची जांभई अर्धी. मी झटकन डब्याकडे बघितलं. सगळे दिवे हिरवे. आईने पिशवी चाचपली. आमचं नेट धावत होतं. गेलं होतं ते त्यांचं!

हिचं पेन हवेतच राहिलं. तिने पडद्याकडे बघितलं, मग खाली मान घातली. तिचा चेहरा मी बघितला आणि मला रडूच यायला लागलं. आता पुन्हा ‘कधीतरी’.

इतक्यात जिन्यातून मॅनेजरांचा आवाज आला. “बाई, फळ्यावरच्या गणितात एक शंका आहे. तिनाला अर्ध्याने भागल्यावर सहा कसे? भागल्यावर संख्या कमी व्हायला हवी ना? वाढली कशी? मी आयुष्य बँकेत काढलं, पण हे मला कधी कळलेलं नाही. कोणाला विचारायचीही सोय नव्हती.”

ही वळली. पडद्याकडे पाठ करून दारात आली. “कमी होणार असं का वाटतं तुम्हाला?” तिने विचारलं, आणि तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. घरात ती बोलते त्याहून हळू, पण शेवटच्या पायरीपर्यंत पोचणारा. तिने तीन कोरे कागद घेतले. “हे तीन. यातून अर्धे अर्धे तुकडे किती निघतील? फाडा.” कागद हातोहात खाली गेले. डॉक्टरांनी एक फाडला, वहिनींनी एक, गाल उतरलेल्या गृहस्थांनी एक. “सहा!” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे भागणं म्हणजे कमी करणं नाही,” ही म्हणाली. “किती वेळा बसतं ते बघणं. तुकडा लहान, तर जास्त वेळा बसणार.” मॅनेजर हातातला अर्धा कागद उलटसुलट करत “अरेच्चा!” म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. इतक्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, पण खरंच भरून आले.

मीही समजल्यासारखी मान हलवली. वर्गातला माझा जुना हातखंडा.

“ए, उंबरठ्यावरचा,” ही म्हणाली. “मान नको हलवूस. कळलं असेल तर पुढे येऊन करून दाखव.”

आईने भुवया वर नेल्या. इतक्या वर्षांच्या संसारात मला ‘ए’ म्हणण्याची हिची ही पहिलीच वेळ, आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी मुकाट्याने उठलो.

“दोनाला एक-तृतीयांशाने भाग.”

तिने माझ्या हातात दोन कागद दिले. मी पहिला आधी मधोमध फाडला. मग लक्षात आलं, की दोन तुकड्यांचे तीन होत नाहीत. मी त्यातला एक पुन्हा फाडला. तुकडे तीन झाले, पण एक मोठा आणि दोन लहान. “तीन झाले,” मी म्हणालो.

“तिन्ही सारखे आहेत?”

“साधारण.”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. ती समोर उभी होती, पदर खोचलेला, बोटांना शाई, आणि मी इतकी वर्षं तिच्याबरोबर एका घरात राहून तिला एकदाही शिकवताना बघितलं नव्हतं.

“मॅडम,” मागून आवाज आला.

ही दचकून वळली. पडद्यावरचे तिघेही हलत होते. चष्म्याच्या बाई गालावर हात ठेवून बसल्या होत्या. हिने तोंडावर हात नेला. “अगंबाई! माफ करा, तुमचं चित्र थांबलं म्हणून मी जरा...”

“आम्ही परत येऊन बराच वेळ झाला,” बाई म्हणाल्या. “मुद्दाम थांबवलं नाही. सोमवारपासून येणार ना?”

जिन्यात एकच कल्ला झाला. आईने पिशवी छातीशी धरली. ही नुसती मान हलवत राहिली.

“आणि मॅडम,” बाई पुढे म्हणाल्या, “ते कागद घेऊन उभे आहेत ना, त्यांना अजून कळलेलं नाही हं.”

“माहीत आहे मला,” ही डोळे पुसत म्हणाली. “आज सोडत नाही त्यांना.”

तिने फळा पुसला आणि माझ्या हातात नवा कागद दिला.